वीस मिनिटं गोड, मग आवाज फाटतो : व्हॉल्व्ह रेडिओचं परत परत उलटणारं दुखणं

लक्षणं अशी. रेडिओ लावला की अर्ध्या-पाऊण मिनिटात व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या नळ्या) तापतात, स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा उघडतो आणि आवाज भरदार, स्वच्छ येतो. पंधरा-वीस मिनिटं गेली की ‘स’ आणि ‘श’ घासल्यासारखे ऐकू येऊ लागतात. मग वरचे सूर चरचरतात, आणि अर्ध्या तासात निवेदकाचा आवाज फाटक्या कागदामागून आल्यासारखा होतो. मागून डोकावलं तर शेवटच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या आतला करडा पत्रा (अॅनोड) अंधारात मंद तांबडा दिसतो. बंद करून तासाभराने लावला की पुन्हा गोड. नवा व्हॉल्व्ह घातला की आठ-पंधरा दिवस बरा, नंतर दुखणं उलटतं.

संगमेश्वरला आत्याकडे असलेला रेडिओ याच दुखण्यापायी दोन वर्षांत तीनदा उघडावा लागला. ट्रान्सफॉर्मरचा सेट, सहा व्हॉल्व्हचा : ईसीएच ८१, ईएफ ८९, ईएबीसी ८०, ईएल ८४, ईझेड ८० आणि डोळ्याचा ईएम ८०. साठच्या दशकात आपल्याकडे विकल्या गेलेल्या असंख्य सेटांची हीच किंवा याच्या जवळची जुळणी असते, म्हणून पुढचे आकडे तुमच्याही कामी येतील. पहिल्यांदा गावातल्या कारागिराने ईएल ८४, म्हणजे तोच शेवटचा व्हॉल्व्ह, बदलला. दुसऱ्यांदा मी बदलला. तिसऱ्यांदा आत्याचा फोन आला, “अरे, मघाशी बरा होता, आता परत तसंच करतोय बघ.” तेव्हा मात्र मी नवा व्हॉल्व्ह खिशात न घेता मल्टिमीटर घेऊन गेलो.

या दुखण्यात ईएल ८४ मार खाणारा असतो, मारणारा दुसराच. व्हॉल्व्ह बदलून आवाज सुधारतो, कारण नव्या व्हॉल्व्हची तब्येत चांगली असते आणि तो अत्याचार काही दिवस सहन करतो. तेवढ्यात आपण समजतो की रोग सापडला.

मारणारा म्हणजे कपलिंग कंडेन्सर. ईएबीसी ८० मधल्या ट्रायोडच्या (आवाज वाढवणाऱ्या भागाच्या) अॅनोडवरून ईएल ८४ च्या ग्रिडकडे (प्रवाह आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा नळकांड्यासारखा छोटा भाग. त्याच्या एका टोकाला ९०-१०० व्होल्ट डीसी असतात, दुसऱ्या टोकाला ग्रिड. त्याचं काम एवढंच की गाणं पुढे जाऊ द्यायचं आणि डीसी अडवायचं. जुन्या सेटमध्ये तो मेण किंवा डांबर भरलेला कागदी कंडेन्सर असतो. कागद साठ वर्षं ओल पितो. कोकणातल्या पावसाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. ओला कागद थंड असताना कसाबसा तग धरतो, पण चेसिसखाली (धातूच्या सांगाड्याखाली) ऊब वाढली की त्यातून डीसी झिरपू लागतं. म्हणूनच पहिली वीस मिनिटं गोड जातात.

ईएल ८४ चं गणित बघा. अॅनोडवर २५० व्होल्ट असताना त्याच्या ग्रिडला कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तापलेल्या भागाच्या) मानाने सुमारे ७.३ व्होल्ट ऋण दाब लागतो, तेव्हा अॅनोडचा प्रवाह ४८ मिलिअँपिअर राहतो. म्हणजे बारा वॅट, आणि बारा वॅट हीच त्याच्या अॅनोडची कमाल मर्यादा. हा व्हॉल्व्ह मुळातच काठावर चालवलेला असतो. ग्रिडवर झिरपून आलेले तीन-चार व्होल्ट धन चढले की तो काठ ओलांडतो. पत्रा तांबडा होतो, आतला वायू सुटतो, वायूमुळे ग्रिड आणखी धन होतो आणि चक्र सुरू राहतं. त्याच प्रवाहाने आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसासारखी बारीक तार तापते आणि एक दिवस तुटते. व्हॉल्व्ह मिळतो, पण त्या सेटच्या मापाचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर शोधायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या चार चकरा होतात. दुखणं अंगावर काढू नका, त्याचं कारण हे.

आता मोजमाप. पण त्याआधी जी तयारी करायची, ती मी कुणालाही वगळू देणार नाही.

सेट ट्रान्सफॉर्मरचा आहे की एसी-डीसी, हे आधी ओळखा. मागचं झाकण काढून पाहा. जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर दिसला आणि व्हॉल्व्हची नावं ‘ई’ने सुरू होत असली, तर बहुधा पहिला प्रकार. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशी ‘यू’ची नावं दिसली तर तो एसी-डीसी सेट. काही गावांत तेव्हा डीसी वीज होती, म्हणून हे सेट दोन्हींवर चालतील असे बनवत. त्यात व्हॉल्व्ह तापवणारे सगळे फिलामेंट दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात, १०० मिलिअँपिअरवर. यूएल ८४ ला ४५ व्होल्ट, यूवाय ८५ ला ३८, यूसीएच ८१ ला १९, आणि उरलेले व्होल्ट एका तापणाऱ्या ड्रॉपर रेझिस्टन्समध्ये जातात. खरा धोका मात्र यात नाही. भिंतीतून येणाऱ्या दोन तारांपैकी एक तार थेट चेसिसला जोडलेली असते. पिन उलटी बसली की अख्खं चेसिस लाइव्ह. बटणांच्या आतले बारीक स्क्रूसुद्धा लाइव्ह, म्हणून ते कारखान्यात मेणाने बुजवलेले असत. रेडिओ स्विचने बंद असला तरी सुटका नाही. स्विच चेसिसकडच्या तारेत असेल तर फिलामेंटच्या माळेतून चेसिसपर्यंत वीज येऊन उभीच असते.

असा सेट उघडा ठेवून काम करायचं असेल तर २३० ला २३० चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. शंभर व्हीएचा पुरतो. डिमरस्टॅटने (व्होल्ट कमी-जास्त करायच्या यंत्राने) हे काम होत नाही, साध्या स्टॅबिलायझरनेही नाही. दोन्हींत आत-बाहेरची वायर एकच असते. आणि एसी-डीसी सेटच्या चेसिसला अर्थिंग कधीही जोडू नका. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर तो सेट उघडू नका, बाजूला ठेवा. जीव जातो त्यात. ड्रॉपरमागे पांढरट, तंतुमय पुठ्ठ्यासारखा पत्रा दिसला तर तो अॅस्बेस्टॉस असू शकतो. तो खरवडू नका, फुंकू नका.

ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये चेसिस वेगळं असतं, त्यामुळे लोक निर्धास्त होतात. त्यांना वाटतं, घरात आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारं यंत्र) आहे, ते ट्रिप होईल. भिंतीकडच्या बाजूला ते खरं आहे. पण एचटीचे (व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च दाबाचे) अडीचशे-पावणेतीनशे व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला तयार होतात आणि तिकडच्या झटक्याचा आरसीसीबीला पत्ताच लागत नाही. एक हात एचटीवर आणि दुसरा चेसिसवर पडला की प्रवाह छातीतून जातो. म्हणून मोजताना मीटरची काळी वायर क्लिपने चेसिसला लावून टाका, लाल टोक एका हाताने धरा, दुसरा हात पाठीमागे. पायात रबरी चप्पल, हातात अंगठी-घड्याळ नाही, आणि घरात कुणीतरी जागं हवं.

कंडेन्सर रिकामे करणं हा दुसरा भाग. एचटीची गुणगुण गाळणाऱ्या फिल्टर कंडेन्सरच्या ५० मायक्रोफॅरडमध्ये २८० व्होल्टला जवळपास दोन जूल ऊर्जा असते. सगळे व्हॉल्व्ह जागेवर असतील तर बंद केल्यावर गरम व्हॉल्व्ह ती स्वतःच शोषून घेतात. ईएल ८४ काढलेला असला किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर तुटलेला असला की ती बराच वेळ तशीच राहते. माझ्या उजव्या तर्जनीला हे दुसऱ्या खेपेला कळलं. व्हॉल्व्ह काढून मी जेवायला गेलो होतो आणि परत येऊन सरळ चेसिसखाली हात घातला. तेव्हापासून १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स दोन इन्सुलेटेड क्लिपांना जोडून जवळ ठेवतो. एचटी आणि चेसिस यांच्यामध्ये पाच-सात सेकंद धरायचा, मग मीटरने शून्य आलं का ते पाहायचं. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामं करण्याची रीत सोडा. त्याने कंडेन्सरची आतली जोडणी दुखावते आणि डोळ्यांत धातूचा कण उडू शकतो.

वर्षानुवर्षं बंद पडलेला सेट असेल तर पहिली वीज सिरीज बोर्डातूनच (रेडिओच्या विजेच्या वाटेत बल्ब जोडलेल्या बोर्डातून) द्या. ६० वॅटचा तारेचा बल्ब लावा. एलईडीचा इथे उपयोग नाही. असा सेट चाळीस-पन्नास वॅट घेतो, त्यामुळे बल्ब सुरुवातीला चमकतो, मंदावतो आणि व्हॉल्व्ह तापल्यावर थोडा उजळून स्थिरावतो. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एक ध्यानात ठेवा : सिरीज बल्बवर रेडिओला व्होल्ट कमी मिळतात, म्हणून आपला हा फाटणारा आवाज तिथे दिसणारच नाही. अखेरची मोजणी पूर्ण विजेवर करायची.

मागची जुनी रबरी वायर हाताने वाकवून बघा. तडे गेले असतील तर आधी ती बदला, तीन तारांची घाला आणि ट्रान्सफॉर्मरच्या सेटला अर्थिंग चेसिसवर द्या. लाइव्ह तारेत ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज घाला. अनेक सेटांत मुळात फ्यूजच नसतो. मेन्सच्या दोन तारांमध्ये कागदी कंडेन्सर असेल तर तो काढून एक्स-२ जातीचा (मेन्सवर लावण्यासाठीच बनवलेला) बसवा. साधा कंडेन्सर तिथे चालत नाही.

आता दुखण्याकडे.

चेसिस आडवं करून ईएल ८४ चं सॉकेट खालून बघा. नऊ पिना असतात आणि खालून पाहताना मोठ्या फटीपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने त्या मोजायच्या. दोन नंबर ग्रिड, तीन कॅथोड, चार-पाच फिलामेंट, सात अॅनोड, नऊ स्क्रीन ग्रिड. सातवर आणि नऊवर एचटी आहे, हे मनाशी घोकून ठेवा. रेडिओ बंद असताना मीटरची लाल क्लिप तीन नंबरला लावा, मग चालू करा आणि हात लांब ठेवून आकडे लिहीत जा. कॅथोडला १३० ते १५० ओहमचा रेझिस्टन्स असतो, त्यावर सात-साडेसात व्होल्ट यायला हवेत. आत्याच्या सेटचा रेझिस्टन्स १५० चा होता. दोन मिनिटांनी ७.९, दहा मिनिटांनी ८.८, पंचवीस मिनिटांनी १०.५. म्हणजे पन्नासच्या जागी सत्तर मिलिअँपिअर. पत्रा तांबडा का होत होता, ते या एका ओळीत दिसलं.

हाच आकडा स्थिर राहिला आणि तरी आवाज फाटत असला, तर हा लेख तुमच्या सेटसाठी नाही. स्पीकरची कॉइल घासते का, ते पाहा. पहिल्या मिनिटापासून गुणगुण असेल तर फिल्टर कंडेन्सर पाहा. कॅथोडवर आकडा जवळपास शून्य आणि पत्रा लाल असेल तर कॅथोडवरचा २५ किंवा ५० मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलिटिक शॉर्ट झालेला असतो.

आकडा चढत असेल तर बंद करा, रिकामं करा, क्लिप दोन नंबरवर न्या आणि पुन्हा तापवा. गाणं नसताना ग्रिडवर चेसिसच्या मानाने शून्य हवं. माझ्याकडे तापल्यावर ४.३ व्होल्ट धन आले. हे व्होल्ट दोनच ठिकाणांहून येऊ शकतात : कंडेन्सरमधून, किंवा खुद्द व्हॉल्व्हच्या पोटातून. निवाडा सोपा आहे. बंद करून कपलिंग कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा आणि रेडिओ पुन्हा लावा. ग्रिड शून्यावर आला आणि कॅथोड स्थिर राहिला तर कंडेन्सर दोषी. कंडेन्सर सुटा असूनही ग्रिड धन चढत राहिला तर व्हॉल्व्हमध्ये वायू आहे किंवा त्याचा ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडतोय. मग व्हॉल्व्ह बदलायलाच हवा.

सुट्या टोकाचीही परीक्षा घ्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल क्लिप त्या लोंबत्या टोकाला, काळी चेसिसला. चांगल्या कंडेन्सरला काही दशांश व्होल्टही यायला नकोत. माझ्याकडे चालू करताच ८ आले आणि पंचवीस मिनिटांनी ३१. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स सहसा १० मेगओहम असतो. ९५ व्होल्टच्या अॅनोडमधून त्यावर ३१ उतरले, म्हणजे कंडेन्सरमधून सुमारे २० मेगओहमची गळती. ऐकायला किती किरकोळ वाटतं.

माझी दोन वर्षं इथेच गेली. दुसऱ्या खेपेला मला कंडेन्सरचा संशय आला होता. मी तो काढून मीटरच्या ओहमवर तपासला, काही दाखवलं नाही. कपॅसिटन्सवर तपासला, ०.०११ आले. बरोबर आहे म्हणून परत डाग देऊन बसवला. ओहम मोजताना मीटर त्याला दोन-तीन व्होल्टच देतो, आणि कंडेन्सर तेव्हा टेबलावर थंड पडलेला होता. त्याला बोलतं करायला ९५ व्होल्ट आणि चेसिसची ऊब लागते. कागदी कपलिंग कंडेन्सर सेटबाहेर काढून ‘चांगला’ ठरवणाऱ्या कुणाचंही ऐकू नका. माझ्या मते तो तपासण्यात वेळच घालवू नये. सेट साठ वर्षांचा आहे आणि कंडेन्सर मूळचा आहे, एवढ्यावर तो बदलावा.

बदली म्हणून ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टर फिल्मचा घ्या. अंगावर १०३ लिहिलेलं असतं. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. तो बसवलात की लगोलग ग्रिडचा रेझिस्टन्स मोजा. आत्याच्या सेटमध्ये रंगाच्या पट्ट्या ६८० किलोओहम सांगत होत्या आणि मीटर १.१ मेगओहम. कार्बनचे जुने रेझिस्टन्स वयाबरोबर असे चढतात. तो जितका चढेल तितकी तीच गळती ग्रिडवर जास्त व्होल्ट उभे करते. शिवाय कॅथोड बायसवर (ऋण दाब कॅथोडच्या रेझिस्टन्सवरून मिळत असताना) ईएल ८४ ला १ मेगओहमपेक्षा मोठा ग्रिड रेझिस्टन्स चालतच नाही. कंडेन्सर बदलून हा तसाच ठेवला, तर व्हॉल्व्ह जरा म्हातारा होताच दुखणं पुन्हा डोकं वर काढेल.

अॅनोडला लागलेला, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या कडेचा दोन ते पाच हजार पिकोफॅरडचा कंडेन्सरही हातासरशी बदला, पण तो किमान १००० व्होल्टचा हवा. मोठ्या आवाजाला तिथे एचटीच्या दुप्पट व्होल्ट उसळू शकतात. रुप्या-अभ्रकाच्या आणि चकतीच्या सिरॅमिकच्या कंडेन्सरांच्या वाटेला जाऊ नका. आयएफच्या (स्टेशन वेगळं काढणाऱ्या मधल्या टप्प्याच्या) डब्यांतले स्क्रू तर अजिबात फिरवू नका. ४५५ किलोहर्ट्झवर बसवलेली जुळणी सिग्नल जनरेटरशिवाय परत येत नाही.

तीन चुका मला वारंवार दुसऱ्यांच्या सेटांत दिसतात. एक, एसीचं डीसी करणाऱ्या ईझेड ८० च्या जागी दोन डायोड. ईझेड ८० सावकाश तापतो आणि एचटी हळूहळू चढवतो. डायोड लावले की बाकीचे व्हॉल्व्ह थंड असतानाच कंडेन्सरांवर तीनशेच्या वर व्होल्ट धडकतात, आणि नंतरही एचटी जास्तच राहतं. मग काठावरचा ईएल ८४ आधीच पलीकडे ढकललेला असतो. दोन, गुणगुण जाईना म्हणून फिल्टरला शंभर-दोनशे मायक्रोफॅरड. ईझेड ८० ला पहिला कंडेन्सर ५० च्या वर चालत नाही, ४७ चा ४५० व्होल्टवाला घाला. तीन, मागची व्होल्टेजची चकती. ती २२० वर असते आणि घरात २४५ येत असतात. चकती सर्वांत वरच्या खुणेवर न्या. फुकटात व्हॉल्व्हचं आयुष्य वाढतं.

आणि एक इशारा. आवाज एकदम बंद झाला आणि ईएल ८४ च्या आत पत्र्याऐवजी बारीक वेटोळी जाळी लाल दिसली, तर त्याच क्षणी प्लग काढा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर तुटलाय, अॅनोडला वीज मिळत नाही आणि सगळा भार स्क्रीन ग्रिडवर आलाय. तसा सेट थोडा वेळ जरी चालू ठेवला तरी व्हॉल्व्ह जातो. स्पीकरची वायर काढून सेट चालू करण्याची चूकही आउटपुट ट्रान्सफॉर्मरला महागात पडते.

जोडणी झाल्यावर किमान एक तास पूर्ण विजेवर, पाठीमागचं झाकण लावून, समोर बसून ऐका. मागचं झाकण लावायला सांगतोय, कारण उघड्यावर सेट थंड राहतो आणि खरी ऊब तयारच होत नाही. कॅथोडची वायर झाकणाच्या फटीतून बाहेर काढून मीटर बाहेर ठेवा. काचेवरची डायल पुसायची असेल तर कोरड्या मऊ कापडाने, तीही पुढच्या बाजूनेच. मागची अक्षरं ओल्या बोटाने निघून येतात, आणि गेलेलं कोलंबो किंवा लाहोर परत लिहिता येत नाही.

आत्याच्या रेडिओत मी दुसऱ्या खेपेचाच ईएल ८४ ठेवला. कंडेन्सर सुटा करून तपासला तेव्हा त्याचा ग्रिड शून्यावर राहिला होता, म्हणजे तो अजून बरा होता. नव्या कंडेन्सरने आणि ६८० किलोओहमने कॅथोडवर ७.४ आले, तासाभराने ७.४, मधला एक पावसाळा सरून गेल्यावरही ७.४. अॅनोडवर २४५ व्होल्ट, म्हणजे साधारण साडेदहा वॅट. हे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत डाव्या फळीवर चिकटवलेत. खाली एक ओळ जास्त लिहिली : व्हॉल्व्ह बदलण्याआधी दोन नंबरची पिन मोजा.